एका इंजेक्शनचा इतिहास : नवजात बाळाच्या रक्तातला जंतुदोष आणि गडचिरोलीचे आरोग्यदूत

१/
डिसेंबर १९९९ मध्ये लंडनच्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातील ३९ खेड्यांविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. जेमतेम पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांनी आजारी नवजात बाळांना त्यांच्या घरी जाऊन इंजेक्शने दिली होती. तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी ताडून पाहता, ६२ टक्क्यांनी खाली आला होता. हे कसे घडले, आणि पुढे त्या इंजेक्शनचे काय झाले, याचा हा धागा.

२/
आधी आजार समजून घेऊ. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत बाळाच्या रक्तात जंतू शिरून सर्व शरीरभर पसरतात, त्याला वैद्यकात 'नवजात सेप्सिस' म्हणतात. जंतू आईच्या जननमार्गातून, कापलेल्या नाळेतून, त्वचेवरच्या बारीक जखमेतून किंवा हाताळणाऱ्यांच्या अस्वच्छ हातांतून येतात. बाळाची प्रतिकारशक्ती अपुरी असते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळाची तर फारच. त्यामुळे सकाळी दूध पिणारे बाळ दुसऱ्या दिवशी हाती लागत नाही, असे घडू शकते.

३/
या आजाराचे मोठे कपट म्हणजे तो ओळखू येत नाही. मोठ्या माणसाला जंतुदोष झाला की ताप चढतो. नवजात बाळाला ताप येईलच असे नाही. उलट ते गार पडते. ते मोठ्याने रडत नाही, म्हणून घरच्यांना 'शांत' वाटते. दूध ओढत नाही, म्हणून 'पोट भरले असेल' असे समजले जाते. ज्या काळी प्रयोगशाळा नव्हत्या, त्या काळी या मृत्यूला लोकांनी काय नाव दिले असेल? इतिहासाचा खरा प्रश्न इथून सुरू होतो.

४/
सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रहांचे वर्णन येते : स्कंद, स्कंदापस्मार, शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, मुखमंडिका आणि नैगमेष. या ग्रहांनी पछाडलेल्या मुलाच्या लक्षणांत स्तनद्वेष, म्हणजे अंगावर पिण्याचा तिटकारा, आहे. रडण्यातला बदल आहे, ओकारी आहे, थरथर आहे. या वर्णनांना आजच्या रोगांची नावे थेट चिकटवणे चुकीचे ठरेल. परंतु एक गोष्ट स्पष्ट दिसते : तान्ह्या बाळाने दूध सोडणे हे संकटाचे चिन्ह आहे, हे निरीक्षण फार जुने आहे. कारण मात्र ग्रहाच्या कोपात शोधले गेले.

५/
मराठवाड्यात, अहमदपूरपासून नांदेडपर्यंत, हीच भीती सटवाईच्या रूपाने घराघरांत नांदली. पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा मांडून पूजा होते, कोरा कागद आणि लेखणी ठेवली जाते, उशाशी लोखंडाची वस्तू असते, दिवा विझू दिला जात नाही. त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, अशी श्रद्धा. या विधीत जागरण का असावे? पहिला आठवडा सर्वांत धोक्याचा, हे लोकांनी अनुभवाने जाणले होते. आधुनिक आकडेवारीही तेच सांगते : नवजात मृत्यूंपैकी बहुतांश मृत्यू पहिल्या सात दिवसांतच होतात.

६/
बारशापर्यंत बाळाला नाव नसे. त्याआधी ते गेले तर दहन न करता पुरण्याची रीत होती. सरकारदरबारी जन्माची नोंद झालेली नसे, म्हणून मृत्यूचीही नसे. परिणामी इतिहासाच्या कागदपत्रांत ही मुले जवळजवळ सापडतच नाहीत. दुष्काळ, पटकी आणि प्लेग यांचे आकडे दप्तरांत मिळतात. नाव ठेवण्याआधी गेलेल्या बाळांचे मिळत नाहीत. जे मोजले जात नाही, त्याच्यासाठी कोणी औषधही शोधत नाही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

७/
एक अपवाद मात्र महाराष्ट्राला ठाऊक आहे. आनंदीबाई जोशी वयाच्या चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचा मुलगा अवघ्या दहा दिवसांत गेला. त्या बाळाचा आजार कोणता होता, हे सांगणारा वैद्यकीय पुरावा नाही. परंतु योग्य उपचार मिळाले नाहीत ही खंत त्यांना वैद्यकाकडे घेऊन गेली. १८८६ मध्ये फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. १८८७ मध्ये, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले.

८/
युरोपातही स्थिती फार वेगळी नव्हती. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस याने दाखवून दिले की शवविच्छेदन करून थेट प्रसूतीगृहात येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांमुळे बाळंतिणी दगावत आहेत. क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती करताच मृत्यू झपाट्याने घटले. त्या आयांची नवजात मुलेही त्याच रोगाने मरतात, हेही त्याने नोंदवले होते. बाळंतिणीचा ज्वर इतिहासात गाजला. बाळांची ती नोंद मात्र बाजूला पडली. पुढे १८७९ मध्ये लुई पाश्चरने बाळंतज्वराशी साखळीसारख्या गोल जंतूंचा संबंध जोडला.

९/
अमेरिकेत न्यू हेवन येथील येल विद्यापीठाच्या रुग्णालयात १९२८ पासून नवजात सेप्सिसच्या नोंदी सलग ठेवल्या गेल्या आहेत. डॉ. एथेल डनहॅम यांनी १९३३ मध्ये त्यातील सुरुवातीच्या बाळांवर लेख लिहिला. प्रतिजैविके नव्हती, तेव्हा अशी बहुतेक बाळे दगावत. या नोंदींतून आणखी एक गोष्ट दिसली : जंतू दर काही दशकांनी बदलतात. आधी एक प्रकारचा स्ट्रेप्टोकोकस, मग ई-कोलाय, नंतर 'ब' गटाचा स्ट्रेप्टोकोकस. एकाच रोगाचे मारेकरी पिढीगणिक वेगळे.

१०/
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिन आले. १९६३ मध्ये जेन्टामायसिनचा शोध जाहीर झाला. मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळणारे हे प्रतिजैविक पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या अनेक जंतूंवर चालते. त्याची एक मर्यादा आपल्या गोष्टीत कळीची आहे : ते पोटातून घेऊन उपयोग होत नाही, सुईनेच द्यावे लागते. म्हणजे १९६०-७० च्या दशकांत औषध जगात होते. प्रश्न होता, ती सुई खेड्यातल्या झोपडीपर्यंत कोण नेणार?

११/
अहमदपूर परिसराचे उदाहरण घ्या. निजामी राजवटीत अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात आले. पंचवीस-तीस वर्षांत तीन जिल्ह्यांची मुख्यालये बदलली, आणि प्रत्येक वेळी 'मोठा दवाखाना' वेगळ्या गावी गेला. अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकातले, नांदेडचे १९८० च्या दशकाच्या अखेरचे, तर लातूरचे २००० नंतरचे. बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातल्या वस्तीवरून गार पडलेले बाळ घेऊन निघालेल्या माणसासाठी हे अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यासारखे नव्हते. वाहन मिळेपर्यंतच्या तासांत मोजण्यासारखे होते.

१२/
मराठवाड्याच्या सीमेलगत, नगर जिल्ह्यातल्या जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये एक वेगळी वाट पाडली. गावातल्याच स्त्रियांना, त्यांत दलित आणि निरक्षर स्त्रियांनाही, त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. डॉक्टर गावात राहायला येत नसेल तर गावातच ज्ञान रुजवावे, हा त्यामागचा विचार. १९७९ मध्ये या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीतल्या प्रयोगाकडे पाहताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

१३/
डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे नागपूरला शिकलेले डॉक्टर दाम्पत्य. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते परतले आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात गडचिरोलीत त्यांनी 'सर्च' ही संस्था उभी केली. जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झालेला, जंगलाचा, मोठ्या आदिवासी लोकसंख्येचा. त्यांच्या कामाची पद्धत ठरलेली होती : आधी लोकांचे ऐकायचे, मग मोजायचे, मग उपाय करून पाहायचा आणि पुन्हा मोजायचे.

१४/
पहिला मोठा शत्रू न्यूमोनिया होता. निरक्षर सुइणींना श्वास मोजता यावेत म्हणून एक साधे यंत्र बनवले गेले : एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याला हात लागला, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजून औषध सुरू करायचे. १९९० मध्ये या प्रयोगाचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू लक्षणीय घटल्याचे त्यात दाखवले होते.

१५/
न्यूमोनिया मागे हटला तेव्हा त्याच्याआड दडलेला दुसरा मृत्यू उघडा पडला. आता मरणाऱ्या अर्भकांमध्ये मोठा वाटा पहिल्या महिन्यातल्या बाळांचा होता. त्या काळी वैद्यकविश्वाची समजूत अशी की नवजात बाळ वाचवायचे तर काचेची पेटी, ऑक्सिजन, शिरेतून सलाइन आणि तज्ज्ञ डॉक्टर हवेच. म्हणजेच खेड्यातल्या बाळासाठी काही करता येणार नाही. या समजुतीचा व्यवहारातला अर्थ 'त्यांना जाऊ द्या' असाच होत होता.

१६/
१९९३ पासून दोन वर्षे पायाभूत मोजणी झाली. ३९ गावांत काम करायचे आणि ४७ गावांत नेहमीच्या सरकारी सेवा चालू ठेवून फक्त नोंदी घ्यायच्या, अशी विभागणी ठरली. १९९५ मध्ये प्रत्येक गावातून स्त्रिया निवडून त्यांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवले गेले. बाळंतपणाला हजर राहायचे, बाळाचे वजन करायचे, तापमान पाहायचे, श्वास मोजायचे आणि २८ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी जाऊन प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायची. पहिल्या वर्षी भर निरीक्षणावर होता.

१७/
त्या एका वर्षाच्या नोंदवह्या हा एक दुर्मीळ ऐतिहासिक दस्तऐवज आहे. घरी जन्मलेल्या ग्रामीण बाळांच्या पहिल्या महिन्याचे इतके बारकाईचे चित्र त्याआधी क्वचितच कोणी काढले असेल. ७६३ बाळे पाहिली गेली. त्यांतील ५४ टक्के बाळांना केव्हा ना केव्हा वैद्यकीय मदतीची गरज होती. प्रत्यक्षात ती मिळाली फक्त २.६ टक्के बाळांना. ४० बाळे दगावली. त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू सेप्सिस आणि न्यूमोनिया या जंतुदोषांमुळे झाले होते. बारशाआधीच्या मृत्यूंना पहिल्यांदाच वजन, तारीख आणि कारण मिळाले.

१८/
लोक दवाखान्यात का जात नव्हते? 'अज्ञान' हे सोपे उत्तर आहे, पण अपुरे आहे. रस्ता नव्हता, पैसा नव्हता, पावसाळ्यात नाले भरत. ओली बाळंतीण घराबाहेर काढायची नाही, हा विटाळाचा नियम होता. आणि इतके करून तालुक्याला पोहोचले तरी तिथे नवजात बाळावर उपचार करणारा कोणी भेटेलच याची खात्री नव्हती. बाळाला घेऊन गेलेले कुटुंब मोकळ्या हाताने परत आल्याच्या आठवणी गावात टिकतात आणि पुढच्या कुटुंबाचे पाय थांबवतात.

१९/
दुसऱ्या वर्षी निर्णायक पाऊल टाकले गेले. सेप्सिसची लक्षणे दिसली आणि घरचे दवाखान्यात जायला तयार नसले, तर आरोग्यदूताने घरीच जेन्टामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने को-ट्रायमॉक्सॅझोल द्यायचे. हे वाक्य वाचायला साधे आहे. पण वैद्यक व्यवसायाच्या दृष्टीने ती एक सीमा होती. डॉक्टर नसलेल्या, नर्सही नसलेल्या स्त्रीने अडीच किलोच्या बाळाच्या मांडीत सुई टोचायची? गळू झाले तर? मात्रा चुकली तर? बाळ दगावले तर जबाबदार कोण?

२०/
या आक्षेपांना उत्तर उपदेशाने नव्हे, शिस्तीने दिले गेले. आई-वडिलांची संमती घेणे बंधनकारक होते. मात्रा वजनानुसार ठरलेली होती. सुई टोचण्याचा सराव पुन्हा पुन्हा करून घेतला जाई आणि पर्यवेक्षक नोंदवह्या नियमित तपासत. खेड्यात रक्ताची जंतुतपासणी शक्य नव्हती, म्हणून निदान डोळ्यांनी आणि हातांनीच करायचे होते. त्यासाठी कोणती लक्षणे विश्वासार्ह, हे संशोधकांनी त्या नोंदवह्यांमधूनच शोधून काढले.

२१/
अखेर सात लक्षणे निवडली गेली :
• रडणे क्षीण होणे किंवा थांबणे
• दूध ओढणे कमी होणे किंवा थांबणे
• हातपाय लुळे पडणे
• ओकारी किंवा पोटफुगी
• अंग हाताला गार लागणे
• श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाणे
• नाळेतून पू येणे
यांतली कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की उपचार सुरू. सटवाईच्या रात्री जागणाऱ्या आईला यांतले बरेचसे दिसत होतेच. फरक इतकाच की आता त्या दिसण्यानंतर करण्याजोगे काहीतरी हाताशी होते.

२२/
निकाल असे होते. उपचार सुरू होण्यापूर्वी सेप्सिस झालेल्या १६३ बाळांपैकी १६.६ टक्के दगावली होती. आरोग्यदूतांनी उपचार केलेल्या ७१ बाळांत हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आले. प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे ६२ होता. तिसऱ्या वर्षी तो २५.५ झाला. तुलनेच्या गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. एका बाळामागे खर्च ५.३ डॉलर. काळजी घेतलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला.

२३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून मर्यादाही पाहाव्यात. गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. 'सेप्सिस' हे निदान लक्षणांवर आधारलेले होते. रक्तात जंतू सापडल्याचा पुरावा त्यामागे नव्हता. शिवाय सगळे श्रेय एका इंजेक्शनला देता येत नाही. आरोग्यदूत बाळाला कोरडे करत होत्या, ऊब देत होत्या, श्वास कोंडलेल्या बाळाचा श्वास सुरू करत होत्या, लगेच अंगावर पाजायला शिकवत होत्या. आणि सर्वांत कठीण प्रश्न : एका ध्येयवादी संस्थेने ८६ गावांच्या परिसरात साधलेले काम सरकारी यंत्रणेला लाखो गावांत जमेल का?

२४/
त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी समस्या मान्य करवून घेणे भाग होते. २००१ मध्ये महाराष्ट्रातील १३ संस्थांनी एकत्र येऊन काढलेला 'कोवळी पानगळ' हा अहवाल त्यासाठीच होता. राज्यात दरवर्षी सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत, असा अंदाज त्यात मांडला होता. सरकारी नोंदींतले आकडे यापेक्षा कितीतरी कमी होते. 'प्रगत' महाराष्ट्राच्या प्रतिमेला हा धक्का होता. विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत खळबळ उडाली. पुढे शासनाने बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद डॉ. अभय बंग यांच्याकडे दिले. पुन्हा एकदा लढाई मोजणीवरूनच सुरू झाली होती.

२५/
२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि गावोगावी 'आशा' नेमल्या गेल्या. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाच्या घरी भेटी देण्याची संयुक्त शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारने घरच्या घरी नवजात बालसेवा हा कार्यक्रम देशभर लागू केला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा भेटी, घरी जन्मलेल्याला सात, आणि त्या पूर्ण केल्याबद्दल आशाला २५० रुपये. अहमदपूर तालुक्यातली आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी वजनकाटा घेऊन दारात येते, तेव्हा तिच्या पिशवीत गडचिरोलीचा हा सगळा इतिहास असतो.

२६/
मात्र त्या पिशवीत इंजेक्शन नसते. आशाने धोक्याची लक्षणे ओळखायची आणि बाळाला वर पाठवायचे, एवढीच जबाबदारी राष्ट्रीय कार्यक्रमाने तिच्यावर टाकली. २०१४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, बाळाला पुढे नेणे शक्य नसेल अशा विशिष्ट परिस्थितीत, एएनएम म्हणजे परिचारिकेला जेन्टामायसिन देण्याची मुभा मिळाली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही, रुग्णालयात नेणे अशक्य असल्यास दवाखान्याबाहेर साधे प्रतिजैविक उपचार करावेत, असे मार्गदर्शन दिले. तत्त्व मान्य झाले. गावातल्या स्त्रीच्या हातातली सुई मात्र काढून घेतली गेली.

२७/
याला दोन बाजू आहेत. गेल्या वीस वर्षांत रस्ते झाले, १०८ ची रुग्णवाहिका आली, जननी सुरक्षा योजनेनंतर प्रसूती मोठ्या प्रमाणावर दवाखान्यांत होऊ लागल्या आणि जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांचे विशेष कक्ष उभे राहिले. मग घरी इंजेक्शन कशाला, हा प्रश्न रास्त आहे. प्रतिजैविकांचा वापर सैल सोडला तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात, ही भीतीही खरी आहे. दुसरी बाजू अशी की 'वर पाठवा' हा सल्ला वर जागा, माणूस आणि औषध असेल तेवढाच उपयोगी.

२८/
शिवाय दवाखान्यात जन्म झाला म्हणजे जंतुदोष टळला, असे नाही. २०११ ते २०१४ या काळात दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात नवजात कक्षांतील १४.३ टक्के बाळांना सेप्सिस आढळला; बऱ्याच बाळांना जन्मानंतर ७२ तासांच्या आतच. प्रमुख जंतू असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई-कोलाय हे होते, आणि त्यांतले अनेक एकापेक्षा जास्त प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. येलच्या नोंदींनी शिकवलेला धडा इथे पुन्हा समोर येतो : मारेकरी बदलतात. आजच्या डॉक्टरांपुढचा शत्रू १९९६ च्या गडचिरोलीतल्या शत्रूपेक्षा चिवट आहे.

२९/
मराठवाड्याला हा विषय २०२३ मध्ये पुन्हा हादरवून गेला. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरच्या दरम्यान नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळे होती. औषधे आणि मनुष्यबळ कमी पडल्याचे आरोप झाले, प्रशासनाने औषधटंचाई नाकारली. अनेक रुग्ण दूरवरून आणि अत्यवस्थ स्थितीत आले होते, असे सांगितले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या बारा बाळांची कारणे एकसारखी नव्हती, म्हणून तो सगळा दोष सेप्सिसवर टाकता येणार नाही. पण 'उशिरा आणले' या दोन शब्दांत अंतराचा सगळा इतिहास सामावलेला आहे.

३०/
हेही नोंदवले पाहिजे की बदल झाला आहे, आणि तो लहान नाही. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले गेले. नाळ स्वच्छ कापणे आणि आईला लस देणे या दोन साध्या उपायांचा तो विजय होता. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर हजारी ११ पर्यंत उतरला, तर देशाचा २० होता. ज्या आकड्याला १९९० च्या दशकात गडचिरोलीतली गावे ६२ म्हणून सामोरी गेली, त्याच्या हा जवळपास सहावा हिस्सा.

३१/
सरासरी मात्र सर्वांची नसते. राज्याच्या ११ मध्ये शहरातले बाळ आहे आणि ऊसतोडीच्या कोपीत जन्मलेलेही आहे. साखर हंगामात मराठवाड्यातली कुटुंबे सहा-सहा महिने गावाबाहेर असतात. आशाच्या वहीत नाव गावी, बाळ कारखान्याच्या फडावर. त्या बाळाच्या तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची भेट कोणी द्यायची? बारशाआधीच्या मृत्यूची नोंद न होण्याचा जुना प्रश्न इथे नव्या रूपात उभा आहे.

३२/
या इतिहासातून काय घ्यावे? औषध १९६३ मध्ये सापडले होते. लक्षणे तर आयांना त्याही आधीपासून दिसत होती. मधली तीन दशके गेली ती या दोहोंच्या मध्ये विश्वासाने उभे करता येईल असे माणूस नव्हते म्हणून. गडचिरोलीने ते माणूस गावातच शोधले, शिकवले आणि त्याच्या कामाची मोजदाद जगापुढे ठेवली. घरात तान्हे बाळ असेल तर एवढे नक्की लक्षात ठेवावे : दूध सोडलेले, लुळे पडलेले, गार लागणारे बाळ 'शांत' नसते, ते आजारी असते, आणि त्याला त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात न्यायचे असते.